पेरणारीचा दाखला

२० जुलै २०२४ ला शनिवार होता. ऑक्टाव्हिया बटलर यांच्या 'पॅरेबल ऑफ द सोअर' या कादंबरीतली पहिली नोंद याच तारखेची आहे, आणि तिथेही वार शनिवारच आहे. कादंबरी प्रसिद्ध झाली १९९३ मध्ये. म्हणजे लिहिताना बटलर यांनी तीस वर्षांपुढचं कॅलेंडर मांडून वारसुद्धा जुळवून घेतला होता. त्या शनिवारी लॉरेन ओलामिना ही कादंबरीची नायिका पंधरा वर्षांची होते. तिच्या वडिलांचा वाढदिवसही त्याच दिवशी, पंचावन्नावा. घरात कोणी मोठा समारंभ करत नाही. मुलगी वही उघडते आणि आदल्या रात्रीचं स्वप्न लिहून ठेवते.

अमेरिकेत कित्येक वाचकांनी त्या दिवशी हे पुस्तक पुन्हा कपाटातून काढलं. काहींनी ठरवलं, आता एकेक नोंद तिच्या तिच्या तारखेलाच वाचायची. कोणा नातेवाइकाची पत्रं यावीत तशी ही रोजनिशी त्यांच्या आयुष्यात येऊ लागली. मीही तसंच वाचायला घेतलं. पुण्यात त्याच आठवड्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांच्या तळमजल्यांत ते शिरलं. मी पुस्तकात होते ती सहा वर्षं पाऊस न पडलेल्या गावात. तिथली लहान मुलं आभाळातून पाणी पडतं हे फक्त ऐकून होती.

त्या गावाचं नाव रोब्लेडो. लॉस एंजेलिसपासून वीसेक मैलांवरचं काल्पनिक उपनगर. या स्पॅनिश शब्दाचा अर्थ ओकची राई, आणि पुस्तकाच्या शेवटी तो अर्थ पुन्हा समोर येतो. भिंत बांधून घेतलेल्या एका गल्लीत मोजकी कुटुंबं राहतात. बाहेर पडायचं तर घोळक्याने, सोबत बंदुका घेऊन. पाण्याला पेट्रोलच्या कित्येक पट किंमत आलेली. पोलिसांना बोलवायचं तर फी भरावी लागते, आणि ते येतात तेव्हा व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. 'पायरो' नावाचं एक व्यसन पसरलं आहे. ते घेतलं की आग बघण्यात विलक्षण सुख वाटतं, म्हणून माणसं आगी लावत सुटतात. समुद्राकाठचं एक अख्खं गाव एका कंपनीच्या ताब्यात जातं. संरक्षण मिळेल, नोकरी मिळेल या आशेने लोक तिथे जायला तयार होतात, आणि पगार इतका बेताचा ठेवलेला असतो की कर्ज फिटूच नये. लॉरेनचे वडील बाप्टिस्ट पाद्री आहेत, कॉलेजात शिकवतातही. त्यांच्या देवावर मुलीचा विश्वास उरलेला नाही. ती स्वतःचा एक धर्म शब्दाशब्दाने रचते आहे. त्यात बदल हीच एकमेव टिकणारी गोष्ट, आणि म्हणून तीच ईश्वर. या श्रद्धेला ती नाव देते 'अर्थसीड', पृथ्वीचं बियाणं. २०२७ च्या उन्हाळ्यात भिंत फुटते, वस्ती जळते आणि अठरा वर्षांची लॉरेन पुरुषाचे कपडे घालून दोन शेजाऱ्यांसोबत महामार्गाने उत्तरेकडे चालू लागते.

नाव घेतलं आहे लूकच्या शुभवर्तमानातून. मराठी बायबलमध्ये 'पॅरेबल'ला 'दाखला' म्हणतात: पेरणाऱ्याचा दाखला. बी पेरताना काही वाटेवर पडलं, काही खडकावर, काही काटेरी झुडपांत आणि थोडंसं चांगल्या जमिनीत. आपल्या रोजच्या भाषेत दाखल्याला दुसराही एक अर्थ आहे. रहिवासी दाखला, जन्माचा दाखला. म्हणजे शिक्का मारलेला पुरावा. या कादंबरीवर गेल्या दहा वर्षांत वाचक जे जे बोलले ते वाचत गेले तसं मला वाटू लागलं की बहुतेकांना तिच्यात हा दुसरा दाखला हवा आहे. लेखिकेला भविष्य दिसत होतं, याचा पुरावा. मला त्यावर मनापासून काही म्हणायचं आहे, पण आधी आगीबद्दल सांगते.

कादंबरीत १ फेब्रुवारी २०२५ ची नोंद आहे. त्या दिवशी वस्तीत आग लागते. छोटीच. तीन वर्षांची एक दुर्लक्षित मुलगी गॅरेजमध्ये काड्या ओढते. शेजारी धावतात, आग विझते.

प्रत्यक्षात ७ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, डोंगराच्या कुशीतल्या ईटन कॅन्यनमध्ये ठिणगी पडली. त्याच सकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला पॅसिफिक पॅलिसेड्समध्ये वणवा पेटलेला होता. मागचे दोन हिवाळे भरपूर पावसाचे गेले होते, त्यामुळे डोंगरांवर गवत आणि झुडपं माजली होती. मग मे २०२४ पासून जवळपास पाऊसच नाही; सगळं वाळून कोळ झालेलं. त्यावर वाळवंटाकडून समुद्राकडे सुटणारे सांता आना वारे. त्या रात्री ते इतक्या जोरात होते की विझवायला येणारी विमानं आणि हेलिकॉप्टरं जमिनीवरच अडकून पडली. ईटन वणव्याने चौदा हजार एकर जाळले, नऊ हजार चारशेहून जास्त इमारती गेल्या आणि किमान अठरा माणसं. त्यातलं बहुतेक नुकसान एका गावाचं: अल्टाडेना.

बटलर यांचा जन्म शेजारच्या पॅसाडेनाचा, २२ जून १९४७ चा, आणि त्यांची कबर अल्टाडेनाच्या माउंटन व्ह्यू दफनभूमीत आहे. आगीची झळ तिथपर्यंत पोहोचली. कबर वाचली.

तेव्हा जानेवारीच्या त्या आठवड्यात वाचकांनी पुस्तकातली १ फेब्रुवारीची नोंद एकमेकांना पाठवायला सुरुवात केली. तारीख तीन-साडेतीन आठवड्यांनी चुकली होती, पण जागा जवळजवळ तीच. ज्यांनी पुस्तक कधी उघडलंही नव्हतं ते विचारू लागले, ही बाई कोण? आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न: हिला कसं कळलं?

अल्टाडेनाचं एक वैशिष्ट्य सांगितल्याशिवाय या प्रश्नाकडे जाता येत नाही. कृष्णवर्णीयांना कुठे घर घेता येईल आणि कुठे नाही, याच्या नकाशांवर बँकांनी रेघा मारलेल्या होत्या त्या काळात पॅसाडेनाच्या अनेक भागांचे दरवाजे त्यांना बंद होते. अल्टाडेनात लेक ॲव्हेन्यूच्या पश्चिमेला घर मिळायचं. मोलकरणींनी, शिपायांनी, शिक्षकांनी तिथे घरं घेतली, फेडली, मुलांच्या नावावर केली. ७ जानेवारीच्या रात्री पूर्वेकडच्या भागाला घरं सोडण्याचे आदेश संध्याकाळीच मिळाले. पश्चिमेला ते पोहोचले पहाटे तीन वाजून गेल्यावर, आग लागून नऊ तास उलटल्यावर. गेलेली माणसं जवळजवळ सगळी याच पश्चिम भागातली होती. त्यात म्हातारी आणि अंथरुणाला खिळलेली माणसं बरीच. बटलर वाचलेल्या माणसाला हे वाचून धक्का बसला नसेल. हात थरथरले असतील. आग सगळ्यांना सारखीच जाळते, पण आगीची खबर सगळ्यांना सारखी मिळत नाही, हे कादंबरीच्या पानापानावर आहे.

आता तो प्रश्न. हिला कसं कळलं?

बटलर यांचे वडील बूटपॉलिश करत. त्या लहान असतानाच ते वारले. आई लोकांच्या घरी धुणीभांडी, झाडलोट करायची. मालकांकडे मागच्या दाराने आत जायची आणि त्यांनी टाकून दिलेली पुस्तकं लेकीसाठी घरी आणायची. काहींना मुखपृष्ठ नसे, काहींची पानं फाटलेली. मुलगी लाजाळू, उंचीने अवाढव्य, आणि वाचनदोषामुळे शाळेत अडखळणारी. पॅसाडेनाचं सार्वजनिक ग्रंथालय तिचं दुसरं घर झालं. बाराव्या वर्षी तिने टीव्हीवर 'डेव्हिल गर्ल फ्रॉम मार्स' हा सुमार सिनेमा पाहिला आणि यापेक्षा बरं आपण लिहू शकू असं ठरवलं. त्याआधी, दहाव्याच वर्षी, तिने आईकडे टाइपरायटर मागितला होता, आणि धुणीभांडी करणाऱ्या आईने तो घेऊन दिला होता. मला या सबंध हकिकतीत सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या खरेदीबद्दल.

पुढे कित्येक वर्षं त्यांनी मिळेल ते काम केलं: भांडी घासली, फोनवरून माल विकला, बटाट्याच्या वेफर्सच्या कारखान्यात वेफर्स तपासले. पहाटे दोन-तीनला उठून लिहायचं आणि मग कामावर जायचं. त्यांनी गाडी कधी चालवली नाही. लॉस एंजेलिससारख्या शहरात, जिथे गाडीवाचून माणसाचं पान हलत नाही, तिथे त्या जन्मभर बसने फिरल्या. बसच्या खिडकीतून आणि बसच्या आत जे दिसतं ते गाडीच्या काचेतून दिसत नाही. कोणत्या कोपऱ्यावर बेघर माणसांचे तंबू वाढले, कोणत्या गल्लीला फाटक बसलं, शेजारच्या सीटवरची बाई रात्रपाळीहून येते आहे की रात्रपाळीला चालली आहे, हे बसमधल्या माणसाला रोज कळतं.

आणि त्या कात्रणं काढत. २४ फेब्रुवारी २००६ ला, अठ्ठावन्नाव्या वर्षी, सिॲटलजवळच्या आपल्या घराबाहेर पडून त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर त्यांची सगळी कागदपत्रं सॅन मरिनोच्या हंटिंग्टन लायब्ररीकडे आली. फायलींची कपाटं आणि खोकीच्या खोकी. हजारो नोंदींची यादी लावता लावता २०१३ उजाडलं. त्यात कथांचे खर्डे आहेत, पत्रं आहेत, वाणसामानाच्या याद्या आणि पैशांचे हिशेब आहेत आणि वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत. दुष्काळ, तुरुंग, अमली पदार्थ, शाळांची अवस्था, हवामान. संशोधक या संग्रहाकडे इतके येतात की हंटिंग्टनमधल्या सर्वांत जास्त मागणीच्या संग्रहांत तो गणला जातो. लिनेल जॉर्ज या लॉस एंजेलिसच्याच पत्रकार लेखिकेने या कागदांवर २०२० मध्ये एक सुंदर पुस्तक लिहिलं. एका कष्टकरी बाईने स्वतःला लेखक कसं घडवलं, हे त्यात हिशेबाच्या चिठ्ठ्यांमधून दिसतं.

ती कात्रणं कोणत्या काळातली, हे लक्षात घेतलं की भविष्याचं गूढ बरंचसं उकलतं. १९८७ ते १९९२ अशी सलग वर्षं कॅलिफोर्नियात दुष्काळ होता. जून १९८८ मध्ये जेम्स हॅन्सन या शास्त्रज्ञाने अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे सांगितलं की पृथ्वी तापते आहे आणि ते मोजता येतं आहे. दुसऱ्या दिवशी ते पेपरांत पहिल्या पानावर होतं. ऑक्टोबर १९९१ मध्ये ओकलंडच्या टेकड्यांवरच्या आगीत पंचवीस माणसं गेली. एप्रिल १९९२ मध्ये रॉडनी किंगला मारहाण करणारे पोलीस सुटले आणि लॉस एंजेलिस पेटलं. साठहून अधिक बळी. आणि १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे कादंबरी आली त्याच वर्षी, किनेलोआ वणव्याने अल्टाडेनाच्याच डोंगरउतारावरची घरं जाळली. एकतीस वर्षांनी जे घडलं त्याची तालीम लेखिकेच्या डोळ्यांदेखत झालेली होती.

हे सगळं त्या काळी प्रत्येकाच्या दारात रोज सकाळी येऊन पडत होतं. बटलर यांनी ते वाचलं, कापलं, जपून ठेवलं आणि त्यांना प्रश्न पडला: हे असंच चालू राहिलं तर? २००० साली एका मासिकात त्यांनी याबद्दल लेख लिहिला. एका विद्यार्थ्याने त्यांना विचारलं होतं, तुमच्या पुस्तकात आहेत तसे दिवस खरंच येतील असं तुम्हाला वाटतं का? त्यांचं उत्तर असं, की संकटं मी कल्पनेने रचलेली नाहीत. आज आपण ज्यांच्याकडे काणाडोळा करतो आहोत तीच घेतली आणि त्यांना वाढायला तीसेक वर्षं दिली.

मग त्या विद्यार्थ्याने विचारलं, यावर उपाय काय? त्या म्हणाल्या, एक उपाय नाही. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की उपाय हजारो असतील आणि तुला वाटलं तर त्यातला एक तू होऊ शकशील.

म्हणून त्यांना 'द्रष्टी' म्हटलं की मला खटकतं. द्रष्ट्याला दिसतं, त्यात त्याचे कष्ट नसतात. बटलर यांचे कष्ट खोक्यांत भरून ठेवलेले आहेत, मोजता येतात. दुसरं असं, की 'तिला दिसत होतं' म्हटलं की आपोआप 'आम्हाला दिसत नव्हतं' अशी सुटका करून घेता येते. तोच पेपर सगळ्यांच्या घरी येत होता.

पुढच्या भागातल्या एका निवडणूक घोषणेचीच गोष्ट घ्या. १९९८ मध्ये आलेल्या पुढच्या भागात, 'पॅरेबल ऑफ द टॅलंट्स'मध्ये, अँड्र्यू स्टील जॅरेट नावाचा एक धर्मांध राजकारणी अमेरिकेला पुन्हा महान करण्याची हाक देत राष्ट्राध्यक्ष होतो. २०१६ नंतर वाचक हे वाक्य बोटाने दाखवू लागले, वर्तमानपत्रांत आणि मासिकांत त्यावर लेख आले, पुस्तकाचा हा दुसरा भाग नव्याने खपू लागला. पण ही घोषणा रोनाल्ड रेगन यांनी १९८० च्या प्रचारात वापरलेली होती. बटलर तेव्हा तेहतीस वर्षांच्या होत्या. त्यांनी ती ऐकली आणि विसरल्या नाहीत.

वाचतानाचा एक अनुभव इथे सांगते. पाणी विकणाऱ्यांची पानं मी पहिल्यांदा वाचली तेव्हा ती मला भविष्यातली वाटलीच नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं, 'जलदूत' गाडीच्या पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. त्याआधी लातूरमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. रांगेत रात्रभर ठेवलेले हंडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना रोब्लेडोची भिंत परकी वाटत नाही. कॅलिफोर्नियातल्या वाचकाला जे 'खरं ठरलं' ते मराठवाड्यातल्या वाचकाला केव्हाचं ठाऊक असू शकतं. जवळच्या भविष्यावरची कादंबरी ज्याच्या त्याच्या अंगणातून वेगवेगळ्या वर्षी घडते, हे मला त्या पानांनी शिकवलं.

पुस्तक आलं तेव्हा ते न्यूयॉर्कच्या एका छोट्या प्रकाशनाने काढलं होतं. समीक्षकांनी दखल घेतली, 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या वर्षातल्या उल्लेखनीय पुस्तकांत ते आलं, नेब्युला पारितोषिकाच्या अंतिम यादीपर्यंत गेलं. पुढचा भाग नेब्युलाचा मानकरी ठरला. १९९५ मध्ये बटलर यांना मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली, ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या विज्ञानकथा लेखिका. तरीही हयातीत खपाच्या यादीत त्यांचं नाव कधी आलं नाही. हंटिंग्टनमध्ये १९८८ सालची एक वही आहे. तिच्या आतल्या बाजूला त्यांनी स्वतःशी केलेले ठराव लिहिलेले आहेत: माझी पुस्तकं खपाच्या याद्यांवर जातील, लाखो लोक ती वाचतील, मी गरीब कृष्णवर्णीय मुलांना लेखनवर्गांना पाठवीन. सप्टेंबर २०२० मध्ये 'पॅरेबल ऑफ द सोअर' न्यूयॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या यादीवर पोहोचलं, लेखिका जाऊन चौदा वर्षं झाल्यावर. महासाथीचं वर्ष होतं ते. त्याच महिन्यात, नऊ तारखेला, वणव्यांच्या धुराने सॅन फ्रान्सिस्कोचं आभाळ दिवसभर नारिंगी राहिलं.

त्या वहीचं पान मी छायाचित्रातच पाहिलं आहे. इतक्या ठामपणे लिहिलेली अक्षरं मी फार थोडी पाहिली असतील.

पण खपाच्या यादीने वाचकांबद्दल फारसं कळत नाही. या पुस्तकाला काही वाचक असे मिळाले की त्यांनी ते वाचून मिटलं नाही. बर्निस जॉन्सन रेगन या नागरी हक्क चळवळीतल्या थोर गायिका, 'स्वीट हनी इन द रॉक' या गानसमूहाच्या संस्थापक. त्यांनी आणि त्यांची लेक तोशी रेगन यांनी या कादंबरीची संगीतिका रचली. आफ्रिकी-अमेरिकी संगीताच्या दोन शतकांतून सूर वेचून लॉरेनची पदयात्रा त्यांनी रंगमंचावर आणली. प्रयोगानंतर प्रेक्षक उठून जात नसत. आपल्या गावात पाणी, जमीन, शेजार यांचं काय करायचं यावर बोलत बसत. बर्निस रेगन १६ जुलै २०२४ ला गेल्या. रोजनिशीची पहिली तारीख चार दिवसांवर आली होती.

तोशी रेगन आणि कार्यकर्त्या लेखिका एड्रिएन मरी ब्राउन यांनी २०२० पासून एकेक प्रकरण घेऊन श्राव्य मालिका केली. ब्राउन आणि वालिदा इमारिशा यांनी २०१५ मध्ये चळवळीतल्या माणसांकडून विज्ञानकथा लिहून घेतल्या आणि त्या संग्रहाला बटलर यांच्याच नावाने हाक मारली. जो माणूस न्यायासाठी झगडतो तो नसलेल्या जगाची कल्पना करतच असतो, मग त्याने कथा का लिहू नये, असा त्यांचा विचार. उत्तर कॅलिफोर्नियात सोनोमा परगण्यात चौदा एकरांची एक कृष्णवर्णीयांनी चालवलेली शेती आहे. सफरचंदाची झाडं, सौरऊर्जा, येणाऱ्या-जाणाऱ्यांना शिकवणं. नाव 'अर्थसीड'. कादंबरीत लॉरेन पाच-सहाशे मैल चालून उत्तरेच्या ज्या जमिनीकडे जाते, तीच दिशा.

आणि मग पॅसाडेनातलं ते दुकान. निक्की हाय यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये 'ऑक्टाव्हियाज बुकशेल्फ' नावाने एक छोटं पुस्तकांचं दुकान उघडलं, मुख्यतः कृष्णवर्णीय आणि इतर उपेक्षित समाजांतल्या लेखकांच्या पुस्तकांसाठी. वणव्यानंतरच्या दिवसांत दुकानातली पुस्तकं बाजूला सारली गेली आणि तिथे पाण्याच्या बाटल्या, कपडे, टूथब्रश, साबण, लहान मुलांचे डायपर यांचे ढीग लागले. ज्याला लागेल त्याने यावं, घेऊन जावं. पैसे नाहीत, नाव-गाव विचारणं नाही. लॉरेनने आगीआधी कितीतरी महिने एक पिशवी बांधून ठेवलेली असते, त्यात सुकं अन्न, पाणी, बियाणं, थोडे पैसे. दुकानातल्या त्या ढिगांची छायाचित्रं पाहिली तेव्हा मला तीच पिशवी आठवली. एका मुलीने बांधलेली आणि आता एका अख्ख्या दुकानाएवढी झालेली.

या पुस्तकाशी भांडणारे वाचकही आहेत आणि त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. पुष्कळांना ते अर्ध्यावर ठेवावं लागतं. बलात्कार, जळलेली प्रेतं, भुकेने माणसं खाणारी माणसं. बटलर कुठेही डोळे मिटू देत नाहीत. अठरा वर्षांच्या लॉरेनचं सत्तावन्न वर्षांच्या बँकोल डॉक्टरशी जुळणारं नातं अनेकांना, विशेषतः आजच्या तरुण मुलींना, पचत नाही. मलाही ते पटलेलं नाही. भिंतीबाहेरच्या रंग फासलेल्या, आगी लावणाऱ्या व्यसनी टोळ्यांना चेहरा नाही, नाव नाही, हा आक्षेपही खरा आहे. ज्या लेखिकेने बसमधून प्रत्येक माणूस पाहिला तिच्याकडून ही अपेक्षा करायला हरकत नाही. लॉरेनच्या नव्या धर्माची वचनं काहींना उपदेश वाटतात. त्यांचा बाज सापडायला बटलर यांना स्वतःलाही वेळ लागला होता. सुरुवातीची पानं त्यांनी पुन्हा पुन्हा फाडली. लाओत्सेचा 'ताओ ते चिंग' वाचताना त्यातल्या छोट्या, सरळ कवितांचं रूप त्यांना भावलं, आणि मग लॉरेनचा आवाज लागला.

'काय खरं ठरलं' याच्या याद्यांमध्ये या कादंबरीतली जी गोष्ट सहसा येत नाही ती मला सगळ्यात मोलाची वाटते. लॉरेनला एक व्याधी आहे. आईने गरोदरपणी घेतलेल्या एका औषधामुळे तिला समोरच्याच्या वेदना स्वतःच्या अंगात जाणवतात. कोणाला जखम झालेली दिसली की ती कळवळून खाली बसते. ही दैवी शक्ती नाही. बटलर स्पष्ट सांगतात की हा मेंदूचा भ्रम आहे, तिच्या दुखण्याने समोरच्याचं दुखणं कणभरही कमी होत नाही. अशा मुलीला बंदूक चालवावी लागते. गोळी झाडली की ती स्वतःच कोसळते. म्हणून मारायचंच तर एका गोळीत मारावं लागतं, कारण तडफडणारा माणूस तिला जगू देणार नाही. कादंबरीतला दुष्काळ, वणवे, भिंती हे सगळं कात्रणांतून आलं. ही व्याधी मात्र कुठल्या पेपरात नव्हती. ती बटलर यांनी पूर्णपणे स्वतः निर्माण केली, आणि तिचं पुढे काय झालं हे कोणी तपासत नाही.

जुळलं नाही तेही सांगायला हवं. रोब्लेडोत मोबाइल नाहीत. माणसं बातम्यांसाठी रेडिओकडे कान लावून बसतात. आणि एक तर अगदी उलटं झालं. कादंबरीतला नवा राष्ट्राध्यक्ष डॉनर चंद्र-मंगळाच्या मोहिमा बंद करायला निघालेला असतो. मंगळावर गेलेल्या एका अंतराळवीर स्त्रीचा मृत्यू झाल्याची बातमी सुरुवातीलाच येते; तिला मंगळावरच पुरलं जावं अशी तिची इच्छा असते, ती मानली जात नाही. लॉरेन तिला आपली नायिका मानते आणि वहीत तिचं नाव जपून लिहिते. प्रत्यक्षात १८ फेब्रुवारी २०२१ ला 'पर्सिव्हरन्स' ही गाडी मंगळाच्या जेझेरो विवरात उतरली आणि ती जिथे टेकली त्या जागेला नासाने नाव दिलं 'ऑक्टाव्हिया ई. बटलर लँडिंग'. ही गाडी तयार झाली जेपीएल प्रयोगशाळेत. ती पॅसाडेना आणि अल्टाडेनाच्या कडेलाच आहे. तिथल्या दोनशेहून अधिक कर्मचाऱ्यांची घरं ईटन वणव्यात गेली. म्हणजे ज्यांनी बटलर यांचं नाव मंगळावर नेलं त्यांच्यातल्या कित्येकांना त्या रात्री एक पिशवी उचलून निघावं लागलं.

रोजनिशी अजून संपलेली नाही. तारखेप्रमाणे वाचणाऱ्यांना रोब्लेडोची भिंत फुटेपर्यंत २०२७ च्या जुलैअखेरपर्यंत थांबायचं आहे, आणि शेवटची नोंद ऑक्टोबर २०२७ मधली आहे. उत्तरेच्या त्या जमिनीवर पोहोचल्यावर तिथलंही घर जळलेलं सापडतं, माणसं मेलेली. बरोबरचे सगळे जण वाटेत गमावलेल्या आपापल्या माणसांची नावं घेतात आणि प्रत्येकासाठी ओकचं एकेक बी जमिनीत लावतात. वस्तीला नाव देतात ते त्या बियांवरूनच. ओकच्या बियांचं पीठ करून भाकरी भाजायला लॉरेन रोब्लेडोत असतानाच शिकलेली असते.

अल्टाडेनात राख आणि मोडतोड उचलण्याचं काम महिनोन्‌महिने चाललं. मलबा हलवणाऱ्या पथकांनी रस्त्याकडेच्या आणि परसातल्या होरपळलेल्या झाडांवर पाडण्यासाठी खुणा केल्या. घरं गेलेल्या माणसांनी त्यावर हरकत घेतली. तिथला किनारी ओक जाड सालीचा. वरून कोळसा दिसला तरी आतून जिवंत असतो आणि खोडातूनच पुन्हा फुटतो. कोणती झाडं जगतील ते पाहायला जाणकार दारोदार फिरले. नळ बंद होते, घरं नव्हती, तेव्हा स्वयंसेवक गाड्यांतून पाण्याच्या टाक्या आणत आणि रिकाम्या झालेल्या अंगणांमधून झाडांच्या बुंध्याशी ओतत.

'अल्टाडेना विकाऊ नाही' अशा पाट्या त्याच अंगणांत लागलेल्या होत्या.